सिग्नलला गाडी उभी असताना मोबाईल बघितला तरी दंड? हा कायदा तुम्हाला पटतो का

हळदपेठ (सांगली)

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मंगळवारी संध्याकाळी कुपवाड एमआयडीसीतनं सुटलो, विश्रामबागला घरी निघालेलो, गाडी म्हणजे आपली साधी शंभर सीसीची. वाटेत एका चौकात सिग्नल लाल, समोरच्या डब्यावर ७८ सेकंद, मी गाडी बंद केली, दोन्ही पाय खाली. खिशात मोबाईल दोनदा थरथरला म्हणून काढून बघितला तर बायकोचा मेसेज, येताना कोथिंबीर आणि दही आणा. 'बरं' एवढं टाईप केलं आणि ठेवला, बास. रात्री जेवताना मेसेज आला, तुमच्या गाडीवर चलन, १००० रुपये, वाहन चालवताना मोबाईलचा वापर. फोटोसकट. फोटोत मी असा काय तल्लीन होऊन बघतोय की मलाच लाज वाटली, पण गाडी उभी आहे हे पण दिसतंय की राव त्यात.

आता घरात दोन पार्ट्या पडल्यात. बायको म्हणती अन्याय आहे (मेसेज तिचाच होता म्हणून असेल). बाबा म्हणतात बरोबर झालं, नियम म्हणजे नियम. आता हे बाबा म्हणजे, मागच्याच रविवारी गणपती मंदिरापासून थेट मार्केट यार्डापर्यंत मान वाकडी करून खांद्यात मोबाईल धरून आत्याशी बोलत आलेत, ते मी मागं बसून डोळ्यानं बघितलंय. विचारलं तर म्हणतात ते महत्त्वाचं होतं. आत्याच्या दारातल्या पेरूला किती पेरू लागले ते महत्त्वाचं होतं.

तर विचारायचं असं की उभ्या गाडीवर मोबाईल बघणं हे ड्रायव्हिंग होतं का कायद्यानं? आणि हा सगळा कायदा तुम्हाला खरंच पटतो का नुसतं वसुलीचं साधन वाटतं? आणि खरं सांगा हां, इथं कोण कुणाला ओळखत नाही, गाडीवर फोन वाजला तर उचलता का नाही?

नाक्यावरचा_भाऊ (सातारा)

१००० रुपयांची कोथिंबीर. वडी तरी चांगली झाली का?

कोर्टाची_पायरी (सातारा)

भाऊ, थोडं लांबेल, पण विचारलंय म्हणून सांगतो, मी वकिली करतो पण हा काही सल्ला समजू नका, गप्पा समजा.

मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्यात कलम १८४ आहे, धोकादायक वाहन चालवणे. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाली, तेव्हा या कलमात स्पष्टीकरण घातलं की कुठल्या गोष्टी धोकादायक धरायच्या. त्यात लाल सिग्नल तोडणं आहे, उलट्या दिशेनं गाडी घालणं आहे, आणि त्यांच्याच पंगतीला हातात धरायचं संपर्काचं साधन वाहन चालवताना वापरणं हे पण बसवलंय. म्हणजे मोबाईलवर बोलणारा आणि हायवेला राँग साईडनं येणारा हे कायद्याच्या नजरेत एकाच कलमातले. शिक्षा वाचली तर घाम फुटेल, पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १००० ते ५००० दंड किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत परत सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड. कैदेपर्यंत सहसा कोणी जात नाही, जागेवर तडजोडीचा दंड भरून मिटतं, तुम्हाला आला तो तोच. आपल्या राज्यात हे वाढीव दंड लगेच लागू झालेच नव्हते, तेव्हाचे परिवहन मंत्री दिवाकर रावते यांनी दंड फार आहेत म्हणून थांबवले होते, मग डिसेंबर २०२१ मध्ये नवे दर आले. तेव्हा पण लोकांचं मत हेच होतं, कायदा पाहिजे पण दंड कमी पाहिजे.

आता तुमचा मुद्दा, उभी गाडी. आपल्या कायद्यात 'वाहन चालवताना' एवढाच शब्द आहे, सिग्नलला उभं असणं त्यात येतं का नाही ते वेगळं लिहिलेलं नाही. पोलीस धरतात की तुम्ही रहदारीत आहात, दिवा हिरवा झाला की निघणार आहात, म्हणजे चालवताच आहात. इंग्लंडात हा वाद त्यांनी मिटवून टाकलाय, तिथं सिग्नलला किंवा ट्रॅफिकमध्ये थांबलेला माणूस पण चालवतोय असंच धरतात. तुम्ही तक्रार करू शकता, महाट्रॅफिक ॲपमध्ये सोय आहे, पण तो फोटो बघता मी तुमची केस घेणार नाही.

उसाची_मोळी (वाळवा)

आवो ते सांगलीच्या चौकातलं ठीक हाय, हेल्मेट न घातलेला नि मोबाईलवाला धरायला सोप्पा, उभाच असतोय बिचारा. जरा सीझनला आमच्याकडं या की. नोव्हेंबर लागला की रात्री आठनंतर बगा, ट्रॅक्टरला मागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूनं रस्त्यावर लोंबतोय, मागं रिफ्लेक्टर न्हाई, लाईट न्हाई, टेपवर गाणी एवढी मोठ्यानं की गावातली कुत्री ओरडत्यात, आणि वर बसलेलं पोरगं अठरा वर्साचं हाय का न्हाई कुणास ठाऊक, ते एका हातात स्टेरिंग आणि एका हातात मोबाईल, रील बगतंय. खोटं न्हाई सांगत, लांबनं त्याच्या तोंडावर निळा उजेड दिसतो, त्यावरनं कळतं ट्रॅक्टर येतोय. त्याला कोण चलन करणार? काट्यावर नंबर लावायचा असतो, मुकादमाचा फोन यायलाच पायजे, न्हाई उचलला तर खेप गेली.

आणि मी काय साधू न्हाई. परवा मोटर चालू करायची होती, लाईट आली का विचारायला शेजारच्या मळ्यातल्यानं फोन केला तर मी बी गाडीवरच बोललो. लाईट कवा येती तेच कळत न्हाई तर फोन न उचलून करू काय. कायदा मला पटतो, माझ्यावर लागला की पटत न्हाई, झालं का समाधान.

स्कूटीवाली (मिरज)

मोळीदादा खरं बोलले त्यासाठी लाईक.

माझं पण सांगते. आम्ही बायका मोबाईल स्कार्फमध्ये खोचतो कानाशी, दोन्ही हात मोकळे म्हणून आपण लई सेफ असं वाटतं. मी मिरज सांगली रोज येते जाते, कॉलेजला असल्यापासून, निम्मा रस्ता आईशी बोलण्यातच जायचा. एक दिवस घरी पोचले आणि आठवेचना की मी वाटेत उड्डाणपुलावरनं आले का खालनं. म्हणजे रस्ताच आठवत नव्हता हो, पंधरा मिनिटं गायब. त्या दिवसापासून बंद केलं. बंद म्हणजे, बऱ्यापैकी.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. स्वतः करताना काही वाटत नाही पण दुसरा करायला लागला की जीव वर खाली होतो. मुलीच्या शाळेची व्हॅन, कुठली ते सांगत नाही, त्यातले काका एका हातानं फोनवर बोलत वळण घेताना मी बघितले, मागं अकरा पोरं. मी दुसऱ्या दिवशी तोंडावर बोलले. ते म्हणाले ताई तुमचाच फोन होता, पाळणाघरात सोडू का घरी ते विचारायला केलेला. आणि होता हो. मीच केलेला. काय बोलणार.

२०१७ साली सेव्हलाईफ फाउंडेशननं आठ शहरांतल्या गाडीवाल्यांना विचारलं होतं, त्यात ९४ टक्के म्हणाले गाडी चालवताना मोबाईल धोक्याचा आहे, आणि त्यातलेच ४७ टक्के म्हणाले आम्ही फोन उचलतो. आमच्या सोसायटीत विचारलं तर पहिला आकडा १०० येईल आणि दुसरा पण १०० येईल.

पार्सलवाला_गडी (सांगली)

आता माझं ऐका. मी डिलिव्हरी करतो, कंपनी सांगत नाही. माझा मोबाईल म्हणजे माझा मालक आहे. चालत्या गाडीवर ऑर्डर येते, टिंग टिंग वाजत असते, थोड्या सेकंदात दाबायला लागते नाहीतर दुसऱ्याला जाते आणि आपला रेट खाली. मग गिऱ्हाईक फोन करणार, दादा कुठं आलाय. मी म्हणतो आलो. ते म्हणतात कुठंपर्यंत. अहो मी फोन उचलला नसता तर आत्तापर्यंत पोचलो असतो. मग पत्ता, शंभर फुटी रोडला सगळ्यांचं घर 'मारुतीच्या देवळामागं'. किती मारुती आहेत सांगलीत मोजा एकदा.

चलन झालं तर मी भरायचं. त्या दिवशी १००० गेले म्हणजे दीड दोन दिवसाचा धंदा गेला, पेट्रोल वजा करून. कायदा करणाऱ्यानी एवढं करावं की गाडी चालत असताना ऑर्डर टाकायचीच नाही असं त्या ॲपला सांगावं, स्पीड तर त्याला कळतोच की, रोज माझा स्पीड दाखवतो मला. मग बघू किती जण मोबाईल हातात घेतात. माझा कायद्याला विरोध नाही, खिसा माझाच का एवढंच.

जुनं_स्टेरिंग (सातारा)

नमस्कार. मुलानं हे वाचून दाखवलं, तोच टाईप करतोय, मी सांगतोय.

एसटीला ३१ वर्षे गाडी चालवली. निम्मी नोकरी झाली तोवर मोबाईल नव्हते. घंटीची दोरी होती, एक टोला थांब, दोन टोले चल, एवढंच बोलणं. ड्रायव्हरशी बोलू नये असं गाडीत लिहिलेलंच असायचं आणि लोक तरी बोलायचेच. पण त्यात एक फरक आहे, तो तुम्हा पोरांना कळावा म्हणून हे लिहायला लावतोय. शेजारी बोनेटवर बसलेला माणूस गप्पा मारत असतो, खंबाटकीचा बोगदा ओलांडला, पुण्याकडं उतरताना ते एस वळण समोर आलं की तो आपोआप गप्प होतो. त्याला पण रस्ता दिसतोय ना. त्याची पण फाटलेली असते. फोनवरच्या माणसाला वळण दिसत नाही, तो म्हणतच राहतो, अगं मग लग्नाचं काय ठरलं, आणि तुम्ही हं हं करत वळणात शिरता. फोन हातात आहे का कानात का गाडीच्या स्पीकरवर, याच्यानं काही फरक पडत नाही. हात मोकळा राहिला तरी डोकं लग्नात असतं.

आता हिशोब करा. साठच्या स्पीडला गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर जाते. मेसेज वाचायला पाच सेकंद धरा. झाले ८० मीटरच्या वर. एकामागं एक सात एसटी उभ्या केल्या की जेवढी लांबी होते तेवढं अंतर तुम्ही डोळे मिटून गेलात. मी नवीन ड्रायव्हर पोरांना हेच सांगायचो, डोळे मिट आणि पाच आकडे मोज बघू. एकानं पण घाटात मोजून दाखवले नाहीत.

हळदपेठ साहेब, तुम्ही उभे होतात, तुमचं फार चुकलं असं मला वाटत नाही. पण हिरवा झाल्यावर मान खाली असलेल्या माणसाच्या मागं एसटी घेऊन मी हजार वेळा थांबलोय, तो आपला हॉर्न वाजला की दचकून न बघता एकदम गाडी सोडतो, आणि नेमका तेव्हाच आडवा कोणीतरी सिग्नल तोडून येत असतो. तेवढं बघा.

हळदपेठ (सांगली)

काका पाया पडतो. हे सात एसटीचं बाबांना वाचून दाखवतो.

पण मग एक कळत नाही, जर ब्लूटूथवर बोलणं पण तेवढंच धोक्याचं असेल तर ते चालतं आणि माझं उभ्या गाडीवर 'बरं' चालत नाही, हा कुठला न्याय? आमच्या साहेबांच्या चारचाकीत अख्खी मीटिंग चालते कोल्हापूरपासून सांगलीपर्यंत, त्यांना कोण विचारत नाही.

कोर्टाची_पायरी (सातारा)

बरोबर जागी बोट ठेवलंत. कायद्यात शब्द 'हातात धरायचं' असा आहे, आणि त्याचं खरं कारण बहुतेक असं की हात पोलिसाला दिसतो, डोकं दिसत नाही. जे पकडता येतं त्याचा गुन्हा होतो.

काका म्हणाले ते अभ्यासात पण आलंय. १९९७ साली कॅनडात टोरांटोच्या दोघांनी ज्यांचे अपघात झाले अशा ६९९ चालकांची फोनची बिलं काढली आणि अपघाताच्या वेळी कोण बोलत होतं ते जुळवून बघितलं. फोनवर बोलताना धडकण्याचा धोका साधारण चौपट निघाला, आणि हातात न धरता बोलणाऱ्यांना त्यात काही फायदा दिसला नाही. तेव्हा तर मोबाईल म्हणजे नुसता बोलायचा, रील नव्हते, मॅप नव्हता.

मॅपवरून आठवलं, ऑक्टोबर २०२० पासून केंद्राच्या नियमात अशी सवलत आहे की रस्ता बघण्यासाठी मोबाईल वापरता येईल, पण चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीनं. म्हणजे होल्डरला लावून, निघायच्या आधी पत्ता टाकून. मांडीवर ठेवून अधूनमधून बघणं त्यात बसत नाही, आणि पार्सलवाले भाऊ, चालत्या गाडीवर ऑर्डर स्वीकारणं तर अजिबातच बसत नाही, तुमचं दुखणं खरं असलं तरी.

आणि सगळी कोर्टं पण एकाच बाजूची आहेत असं समजू नका. २०१८ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं म्हटलं होतं की गाडी चालवताना नुसतं फोनवर बोललं म्हणून तिथल्या पोलीस कायद्याखाली गुन्हा होत नाही, लोकांना धोका झाला हे दिसायला पाहिजे. तो त्या राज्याच्या पोलीस कायद्यापुरता मुद्दा होता आणि २०१९ च्या दुरुस्तीच्या आधीचा, तेव्हा इथं तो कागद घेऊन चौकात वाद घालू नका, मागच्या वर्षी एका अशिलानं घातला, चांगला अर्धा तास घातला, शेवटी पीयूसी संपलेलं निघालं.

नाक्यावरचा_भाऊ (सातारा)

सगळ्यात मजा कधी येते सांगू का. मोबाईलवर बोलताना पकडलेला माणूस पहिली गोष्ट काय करतो? मोबाईल काढतो. थांबा साहेब, एक मिनिट, दादांना लावून देतो. मी नाक्यावर चहा पीत हे रोज बघतो. दादा पण उचलतात, आणि दादा तिकडं गाडीतच असतात.

आणि जे चौकात उभे असतात ते पण कानाला लावूनच असतात की बाईकवर. त्यांना कोण चलन करणार?

कोर्टाची_पायरी (सातारा)

त्यांना डबल आहे. कलम २१०ब, ज्यांच्याकडे कायदा राबवायचे अधिकार आहेत त्यांनीच नियम मोडला तर दंड दुप्पट. २०१९ मध्येच आलंय. वापरलेलं मी कधी बघितलं नाही ते सोडा.

उसाची_मोळी (वाळवा)

दुप्पट म्हंजे दोन हजार? मग एक फोटो काढून मी बी पाठवतो. गाडी बाजूला घेऊन काढतो, काळजी नसावी.

पार्सलवाला_गडी (सांगली)

दंड भरतंय कोण पण खरं? माझ्या ओळखीत एकाची सतरा चलनं बाकी आहेत, म्हणतो लोकअदालत लागली की निम्म्यात मिटवू. दंड कितीबी वाढवा, त्याला तो उधारीच्या वहीत लिहिल्यासारखा वाटतो. लायसन गेलं तरच माणूस घाबरतो.

कोर्टाची_पायरी (सातारा)

लायसन पण जातं. रस्ते सुरक्षेसाठी सुप्रीम कोर्टानं नेमलेल्या समितीनं २०१५ मध्येच राज्यांना सांगितलं होतं की मोबाईलवर बोलत गाडी चालवणाऱ्याचं लायसन किमान तीन महिने निलंबित करा, दारू पिऊन चालवणारा आणि सिग्नल तोडणारा यांच्याच यादीत. पोलीस लायसन घेऊन आरटीओकडे पाठवू शकतात. किती वेळा होतं ते तुम्ही ओळखता.

अंकलीचा_पूल (सांगली)

मी इथं कधी लिहीत नाही, नुसतं वाचतो. पण हे वाचून राहवलं नाही.

माझा धाकटा भाऊ, जयसिंगपूरला कामाला होता. दोन वर्षांमागं पावसाळ्यात संध्याकाळी मी त्याला फोन केला. काम काय होतं, तर गॅसची टाकी आली का नाही आणि पावती कुठं ठेवली. तो म्हणाला गाडीवर आहे दादा. मी म्हटलं दोनच मिनिटं, पावती कुठाय तेवढं सांग. तो सांगत होता, टीव्हीच्या खालच्या कप्प्यात, निळ्या, आणि मग आवाज आला. मी आधी समजलो रेंज गेली. हॅलो हॅलो करत राहिलो. फोन चालूच होता, लोकांचं बोलणं ऐकू येत होतं, गाडी बाजूला घ्या गाडी बाजूला घ्या.

तो आहे, देवाच्या कृपेनं. उजव्या पायात सळई आहे, पायरी चढताना कठडा धरतो. कंपनीतली उभ्यानं करायची नोकरी गेली, आता झेरॉक्सचं दुकान टाकून दिलंय.

पोलिसांच्या कागदात काय लिहिलंय, तर भरधाव वेगात जाऊन उभ्या टेम्पोला पाठीमागून धडक. मोबाईलचं नाव कुठंच नाही. भाऊ भरधाव नव्हता, त्याची गाडी साठच्या वर जातच नव्हती. सरकारचा २०२२ चा अहवाल मी नंतर बघितला, देशात त्या वर्षी रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यात सत्तर टक्क्यांच्या वर कारण अतिवेग लिहिलंय आणि मोबाईलचा वाटा अगदी थोडा. मला तो आकडा बघून आमच्या कागदाची आठवण झाली. कोण लिहून देणार, की माझ्याशी बोलत होता म्हणून. मी पण नाही दिलं. विचारलंच नाही कोणी, आणि मी सांगितलं नाही.

वकीलसाहेब, तुमच्या कलमात गाडी चालवणाऱ्याला शिक्षा आहे. फोन करणाऱ्याला कुठं काही आहे का, आणि असावं का, हे मला विचारायचं होतं.

स्कूटीवाली (मिरज)

दादा.. काय लिहू कळत नाही. तुम्ही स्वतःला एवढं लावून घेऊ नका. टेम्पो तिथं उभा करणारा पण होताच ना.

कोर्टाची_पायरी (सातारा)

नाही, फोन करणाऱ्याला आपल्या कायद्यात काही नाही. अमेरिकेत न्यू जर्सीच्या एका कोर्टानं २०१३ साली असं म्हटलं होतं की समोरचा गाडी चालवतोय आणि आपला मेसेज तो लगेच बघणार हे माहीत असूनही कोणी मेसेज पाठवला, तर त्याच्यावर पण जबाबदारी येऊ शकते. त्या केसमध्ये पाठवणाऱ्या मुलीवर मात्र ती आली नाही, कारण तिला ते माहीत होतं असा पुरावा नव्हता. इकडं असं काही येईल असं मला वाटत नाही. यावं का, याचं उत्तर माझ्याकडं नाही दादा.

जुनं_स्टेरिंग (सातारा)

अंकलीकर, भावाला दुकानाबद्दल शुभेच्छा. माझी बायको सासर माहेर दोन्हीकडं सांगून ठेवायची, हे ड्युटीवर असले की फोन करायचा नाही, कोणी गेलं तरी नाही. माझी आई गेली तेव्हा मी महाबळेश्वरच्या गाडीवर होतो, पसरणीचा घाट उतरून वाईला आल्यावर कंट्रोलरनं सांगितलं. तेव्हा राग आला होता मला बायकोचा. प्रवासी पन्नास होते गाडीत.

अंकलीचा_पूल (सांगली)

आता मी कुणालाही फोन लावला की पहिलं विचारतो, गाडीवर हायस का. हो म्हणाला की ठेवतो. लोक म्हणतात लई शिष्ट झालाय.

हळदपेठ (सांगली)

अंकलीकर, तुमचं वाचून दोन दिवस इथं यायला झालंच नाही.

अपडेट देतो. तक्रार केली नाही, १००० भरले ॲपवरनं. उभी गाडी का चालती गाडी हा वाद मला अजून बरोबर वाटतो, कायद्यात ते नीट लिहायला पाहिजे हे माझं मत कायम आहे, ब्लूटूथचं पण. पार्सलवाल्या भावाचं ॲपचं तर शंभर टक्के पटलं. आम्ही घरी ठरवलं की साडेसहा ते सात मला कोणी फोन मेसेज करायचा नाही, यादी सकाळीच द्यायची. बायकोनं मान्य केलं, पहिल्याच दिवशी कढीपत्ता राहिला तर मी परत गेलो आणायला, गेलो तर गेलो.

बाबांना सात एसटीचं सांगितलं. म्हणाले मी साठनं चालवतच नाही, मी तीसनं चालवतो. म्हटलं मग साडेतीन एसटी. त्यावर काही बोलले नाहीत. काल दुपारी काम होतं म्हणून त्यांना फोन लावला, उचलला त्यांनी, मागं हॉर्न आणि वाऱ्याचा आवाज येत होता, मी काही न बोलता ठेवून दिला. अर्ध्या तासानं घरी आले आणि मलाच ओरडायला लागले, अर्धवट फोन का ठेवलास, मी आयर्विन पुलावर थांबून तीनदा लावला तुला, उचलत का नव्हतास.

मी म्हटलं पुलावर कशाला थांबला, तिथं थांबायला बंदी आहे.